पांढरी पाचच्या जरा वर

वीज गाते. मोठ्याने नाही, पण सुरात गाते. कळमनुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहे. रात्री नांदेड रस्त्यावरचे ट्रक कमी झाले की तिचा आवाज अंगणापर्यंत येतो. मी भजनी मंडळात पेटी वाजवते. त्यामुळे कुठलाही लांबणारा आवाज कानावर आला की बोटं आपोआप पट्टी शोधायला लागतात. डीपीचा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या जरा वर लागतो आणि काळी चारच्या बराच खाली राहतो. हिशेबही तसाच निघतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, आणि डीपीच्या पोटातला लोखंडी गाभा दर फेऱ्यात दोनदा ताणला जातो. म्हणून डीपी १०० कंपनांनी गुणगुणते. पेटीची ती पांढरी पाच ९८ कंपनांची. दोन्ही एकत्र वाजल्या तर सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाला हाच सूर चांगलाच उतरलेल्या पंचमासारखा लागतो आणि त्याचं सगळं गाणं चिडचिडं होतं.

हा सूर काही एकट्या कळमनुरीचा नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं बाकी देशाच्या जाळ्याशी एका ठेक्यात जोडलं गेलं. तेव्हापासून इथली डीपी आणि कोईमतूरची डीपी एकाच क्षणी एकाच सुरात असतात. देशात मागणी अचानक वाढली की सगळ्यांचा सूर केसभर उतरतो, वीज जास्त झाली की केसभर चढतो. या चढउताराची नोंद ठेवली जाते. रोमानियाच्या कॅटलिन ग्रिगोरास यांनी तिचा उपयोग गुन्ह्यांच्या तपासासाठी दाखवून दिला. ध्वनिमुद्रणात मागे राहिलेली विजेची गुणगुण त्या नोंदीशी जुळवून पाहिली की मुद्रण कधी झालं हे सांगता येतं, आणि मधला तुकडा कापला असेल तर तेही उघडं पडतं. गाणं ऐकणाऱ्याला नकोशी असलेली ही घरघर दुसऱ्या कुणासाठी साक्षीदार असते, हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती. पुढे ती आमच्याच गल्लीत खरी ठरेल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

माझ्याकडे एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. बाहेरून लाकडी पेटी, समोर ॲल्युमिनियमची पट्टी आणि बोटभर जाडीची बटणं. त्याला टेप डेक जोडलेला आहे, मोबाइलची वायर आहे, आणि टीव्हीचा आवाजही त्यातूनच यावा म्हणून सेट-टॉप बॉक्सची लाल-पांढरी पिन खोचलेली आहे. घरच्यांना हा सगळा पसारा वाटतो. पण मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर डग्गा ऐकूच येत नाही आणि डग्ग्याशिवाय भजन ऐकणं मला जमत नाही. एका उन्हाळ्यात, हळदीच्या हंगामात, या अ‍ॅम्प्लिफायरमधून घरघर यायला लागली. गाणं चालू असताना ती दबून असायची. दोन अभंगांच्या मधल्या शांततेत मात्र वर यायची. विचित्र गोष्ट अशी की ती सतत नसायची. थोडा वेळ वाढायची, मग आपोआप खाली बसायची, पुन्हा वाढायची.

आमच्याकडे वायरिंगचं काम करणारे मामा आहेत. निजामाच्या काळातल्या वाड्यांपासून ते कालच्या स्लॅबच्या घरांपर्यंत गावातली निम्मी फिटिंग त्यांच्या हातची. ते आले, अ‍ॅम्प्लिफायरला कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मशीनचं काही नाही. मशीनचा कंडेन्सर गेला असता तर कायमच ओरडली असती. हा आवाज घराचा हाये."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतला फिल्टरचा कंडेन्सर सुकला की घरघर येते, पण ती येऊनजाऊन राहत नाही. मशीन चालू असेपर्यंत ती बसत नाही. आमची पाहुणी ये-जा करत होती. म्हणून आम्ही घर तपासायला घेतलं.

पहिला संशय पंख्याच्या रेग्युलेटरवर. पूर्वी भिंतीवर काळी, ओबडधोबड पेटी असायची. तिच्यात तारेची वेटोळी असायची. पंखा हळू केला की ती तापायची, वीज फुकट जायची, पण आवाज अजिबात करायची नाही. मग आली गोल फिरवायची बटणं. ती विजेची प्रत्येक लाट मधेच कापतात आणि उरलेला तुकडाच पंख्याला देतात. सेकंदाला शंभर वेळा असं कापणं म्हणजे शंभर वेळा झटका. तो वायरींतून सगळ्या घरात फिरतो आणि स्पीकरमध्ये कर्कश चरचर होऊन बाहेर पडतो. पंखा मधल्या वेगावर असला की सर्वांत वाईट. आता कंडेन्सरचे, टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरणारे रेग्युलेटर मिळतात. ते लाट कापत नाहीत, म्हणून गप्प असतात. एप्रिलमध्ये कळमनुरीत पंखा बंद करून गाणं ऐका असं सांगणाऱ्याला कुणी घरात घेणार नाही. तेव्हा रेग्युलेटर बदलला. चरचर गेली. घरघर होती तिथेच राहिली.

इन्व्हर्टरचंही तसंच. भारनियमनाच्या काळात, दिवसातले दहा-बारा तास वीज नसायची तेव्हा, ज्याला परवडेल त्याने स्वस्तातला चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर घेतला होता. त्याच्यावर पंखासुद्धा कण्हायचा. चौकोनी लाटेत ५० बरोबर १५०, २५०, ३५० असे विषम पटीतले सूर खच्चून भरलेले असतात आणि अ‍ॅम्प्लिफायर ते सगळे इमानदारीने ऐकवतो. आमच्याकडे आता साइनवेव्हचा आहे, त्यामुळे त्याला सोडून दिलं. मोबाइलवरचा आरोपही टिकला नाही, ती खोड जुन्या फोनांची. टू-जीच्या दिवसांत फोन वाजायच्या आधी रेडिओ टिट-टिटिट करायचा, कारण ते फोन सेकंदाला २१७ वेळा झटक्याझटक्याने बोलत. मुलं तेव्हा आधीच ओरडायची, "फोन येतोय!" आणि खरोखर यायचा. एलईडी दिव्यांबद्दल मात्र माझा राग अजून गेलेला नाही. हलक्या प्रतीच्या दिव्यात आवाज गाळणारे भाग घातलेलेच नसतात आणि त्याचा सगळा जाच मिडियम वेव्हला होतो. संध्याकाळी घरोघर दिवे लागले की माझ्या रेडिओवरचं परभणी केंद्र खरखरीत बुडून जातं. विजेची बचत झाली हे मान्य आहे, पण तिची किंमत रेडिओने मोजली हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

मग अर्थिंग. इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडे याच्याइतकं दुर्लक्षित काहीच नाही. मामांच्या शब्दांत अर्थिंग म्हणजे घरातल्या विजेची मोरी. कुठे वीज गळाली तर ती माणसाच्या अंगातून न जाता तिथून निघून जावी. खड्डा खणायचा, लोखंडी पाइप किंवा तांब्याची पत्री उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर भरायचं आणि पाणी सोडायचं. आमची जमीन काळी. ओली असली की वीज झटकन पिते. पण चैत्र-वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपभोवतीची माती पाइप सोडून देते. जाणकार माणसं म्हणूनच उन्हाळ्यात तुळशीबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यालाही पाणी घालतात. जुन्या घरांत तर वेगळा खड्डाच नसायचा. अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली असायची. तो पाइप जमिनीत दूरवर गेलेला, त्यामुळे काम भागायचं. नंतर घरोघर प्लास्टिकचे पाइप आले. पाणी स्वच्छ आलं, गंज गेला, आणि त्याच दिवशी शेकडो घरांची अर्थिंग कुणाला न कळता तुटली. वायर नळाला गुंडाळलेली तशीच दिसते, पण पुढे ती कुठेच जात नाही.

मांडववाल्या पोरांचा उपाय याहून भयंकर. साउंड सिस्टीममधून घरघर आली की ते थ्री-पिनची वरची जाड पिन मोडून टाकतात, नाहीतर प्लगच कापून उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात ठोसतात. घरघर खरंच थांबते. कारण दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला टेकली की त्यांच्या मधल्या वायरीत एक वेटोळं तयार होतं आणि त्यात वीज फिरत राहते. एक वाट तोडली की वेटोळं तुटतं. तोडली ती वाट मात्र जीव वाचवणारी असते. पावसात ओल्या मांडवात माइक हातात धरणाऱ्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आमच्या घरची अर्थिंग चांगली निघाली. मामांनी टेस्टरचा दिवा फेजला आणि अर्थला जोडून पाहिला, तो लख्ख पेटला. आता एकेक वायर काढायची एवढंच उरलं होतं. टेप डेक काढला, घरघर तशीच. मोबाइलची वायर काढली, तशीच. सेट-टॉप बॉक्सची पिन काढली आणि एकदम शांत. पिन परत खोचली, घरघर हजर. मग मामांनी पिन तशीच राहू दिली आणि बॉक्सच्या मागची केबलची जाड काळी वायर फिरवून काढली. पुन्हा शांत. म्हणजे घरघर बॉक्सचीही नव्हती. ती गच्चीवरून, केबलच्या वायरीतून, बाहेरून घरात येत होती.

केबलच्या तारेला आत तांब्याची काडी आणि बाहेर धातूची जाळी असते. ही जाळी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, एका घरातून दुसऱ्या घरात सलग जाते. ज्या गल्लीत भांड्यांची देवाणघेवाणसुद्धा मोजूनमापून होते, त्या गल्लीतली सगळी घरं या जाळीने धातूला धातू लावून जोडलेली आहेत, हे डोक्यात यायला मला वेळ लागला.

यावर उपाय सोपा होता आणि मी तो केलाही. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची, काडेपेटीएवढी डबी मिळते. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. एका बाजूचा आवाज चुंबकातून दुसऱ्या बाजूला जातो, पण धातूचा सांधा उरत नाही. डबी पिनेच्या मध्ये लावली आणि घरघर संपली. पण डग्गाही अर्धा गेला. स्वस्त डबीतला गाभा इतका लहान असतो की खालचे सूर त्याला पेलत नाहीत, आणि घरघर ज्या भागात राहते तिथेच डग्ग्याचं घुमणंही राहतं. शांतता मिळाली ती अशी लंगडी. शिवाय एक गोष्ट डोक्यातून जाईना. घरघर येऊन-जाऊन का राहत होती?

आमच्या जिल्ह्याला नको असलेल्या आवाजांचा मोठा इतिहास आहे. औंढ्याला नागनाथाच्या देवळाची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. नरसीचे नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. आत पूजा करणाऱ्यांना त्या आवाजाचा अडथळा झाला. त्यांनी नामदेवांना देवळाच्या मागे जायला सांगितलं. नामदेव मागे गेले आणि गात राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी मागच्या बाजूला राहिला, तो अजून तिथेच दाखवतात. पुजाऱ्यांना जो व्यत्यय वाटला, तोच देवाला ऐकायचा होता.

त्याच औंढ्याजवळ, दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहाहजाराव्या भागाएवढा फरक पडला तरी तो कळावा अशी व्यवस्था. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळली, त्याची लहर ऐकायची म्हणजे बाकी सगळ्या गोष्टी आधी गप्प करायला हव्यात. अमेरिकेत हॅनफर्डच्या लायगोत एका खुळ्या आवाजाचा माग काढत गेले तर डोमकावळे नायट्रोजनच्या नळीवर साचलेलं बर्फ टोचत असल्याचं निघालं. तिथल्या आलेखात ६० वर एक उंच रेघ असते, कारण अमेरिकेची वीज ६० ची. इटलीतल्या व्हर्गो या तशाच वेधशाळेच्या आलेखात ती ५० वर आहे. दुधाळ्यातही ती ५० वरच असेल. प्रोटॉनहून बारीक मोजणाऱ्या माणसांनाही आमच्या गल्लीतलंच दुखणं आहे, हे कळल्यावर मला उगाच धीर आला.

आणि जमीन तरी कुठे गप्प आहे? वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या भागात जमिनीतून गूढ आवाज येतात, असं लोक कितीतरी वर्षं सांगत आले. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहानंतर ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा आमच्या तालुक्यातली भांडीही मांडणीवरून वाजली. तेव्हापासून रात्री कुठे धम्म झालं की माणसं अंगणात येतात. आवाज कसला हे कळल्याशिवाय आत जात नाहीत.

नको तो आवाज वेगळा काढण्याच्या रीतीही दोन आहेत. कीर्तनाच्या माइकची चांगली वायर असते तिच्यात दोन तारा असतात. दोन्हींत गाणाऱ्याचा आवाज एकमेकांच्या उलट्या दिशेने जातो. वाटेत शिरलेली घरघर मात्र दोन्हींत सारखीच शिरते. शेवटी एकीतून दुसरी वजा करतात, की जे दोन्हींत सारखं होतं ते नाहीसं होतं आणि गाणं उरतं. टेलिफोनच्या तारा एकमेकींना पीळ देऊन नेण्याची युक्ती ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्येच पेटंट केली होती, तीही याच शिस्तीतली. लायगोचं बरोबर उलटं. तिथे हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या तीन हजार किलोमीटर लांबच्या दोन ठिकाणी जे सारखं ऐकू येतं तेच खरं धरतात. एकाच ठिकाणी वाजलं ते कावळ्याचं, ट्रकचं किंवा विजेचं म्हणून टाकून देतात. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर दोन्हीकडे सात मिलिसेकंदांच्या अंतराने आली, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. एकजण सारखं असेल ते फेकतो, दुसरा सारखं असेल तेच ठेवतो. दोघंही बरोबर. गोंगाट कशाला म्हणायचं हे आवाजावरून ठरत नाही, आपण काय शोधायला बसलो आहोत त्यावरून ठरतं. आणि मी मधे डबी लावली तेव्हा काही शोधायलाच बसले नव्हते. मला फक्त गाणं ऐकायचं होतं.

मी डबी काढून ठेवली आणि मामांना पुन्हा बोलावलं. घरघर चढली की आम्ही बघायचो, गल्लीत काय चालू झालं. पिठाची गिरणी नाही. हळदीच्या पॉलिशचा ड्रम नाही, तो सुरू होताना फक्त एकदा टक्क व्हायचं. बोअरची मोटारही नाही. शेवटी मामाच म्हणाले, "आपोआप चालू अन् आपोआप बंद व्हणारी घरात एकच गोष्ट ऱ्हाती. फ्रिज." माझा फ्रिज बंद करून पाहिला, फरक नाही. मग गच्चीवर जाऊन केबलची वायर कुठे जाते ते पाहिलं. ती शेजारच्या काकूंकडून येत होती.

काकूंच्या स्वयंपाकघरात शिरलो तेव्हा त्यांची सून फ्रिज उघडत होती. आधी तिने दाराशी ठेवलेल्या रबरी चपला पायात घातल्या.

"चपला कशाला गं?" मी विचारलं.

"हात लावला की झिणझिण होतंय, मावशी. चपला घातल्या की नाही होत." तिने ते मीठ जरा कमी पडलंय म्हणावं अशा सुरात सांगितलं.

मामांनी फ्रिजच्या पत्र्याला टेस्टर लावला. दिवा लागला. मग बोर्ड उघडला. घरभर हिरवी वायर व्यवस्थित फिरवलेली होती, प्रत्येक सॉकेटला जोडलेली होती आणि शेवटी न्हाणीघरातल्या नळाला गुंडाळलेली होती. नळाचा पाइप प्लास्टिकचा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधून गळणारी वीज या हिरव्या वायरीत साचत होती. तिथून होम थिएटरच्या थ्री-पिनमधून केबलच्या जाळीत, जाळीतून गच्चीवरून आमच्याकडे, माझ्या सेट-टॉप बॉक्समधून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यात, आणि शेवटी आमच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात. त्यांच्या घरची मोरी तुंबली होती आणि पाणी माझ्या मोरीतून वाहत होतं. मी ती डबी लावून ठेवली असती, तर माझी बाजू स्वच्छ झाली असती आणि सुनेच्या चपलांवर सगळा भार पडला असता.

काकूंच्या परसात खड्डा खणला. गावात कोळसा सहज मिळेना, तो इस्त्रीवाल्याकडून आणावा लागला. मीठ काकूंनी दिलं, तेही दोन पुड्या कमी देऊन, कारण उन्हाळ्याची लोणची व्हायची होती. बोर्डात आरसीसीबी बसवला. तो गळती झाली की क्षणात वीज तोडतो. पहिल्याच दिवशी त्याने फ्रिजमुळे सगळं घर अंधारात टाकलं तेव्हा काकू मामांवर चिडल्या. कॉम्प्रेसरचं काम करून घेतल्यावर तो शांत झाला.

आता माझ्याकडे डग्गा पूर्ण ऐकू येतो. दोन अभंगांच्या मध्ये टेपची सरसर येते, तिला माझी हरकत नाही. काकूंकडे गेले की सून पाणी काढायला उठते. दिवा, वायर, बोर्ड सगळं नवं झालंय हे तिला माहीत आहे. तरी फ्रिजशी जाताना ती चपला घालतेच. मी एकदा म्हटलं, अगं आता नको घालूस. तर म्हणाली, "सवय झाली मावशी. अन् लाइटीचा काय भरवसा?"